नववीत गेले की ताट बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतले जेवण सगळ्याच मुलांना फुकट द्यावे की फक्त गरजूंना, हा वाद अधूनमधून निघतो आणि बहुतेक वेळा ‘ऐपत असणाऱ्यांच्या पोरांना कशाला?’ या प्रश्नापाशी येऊन अडतो. चूल, साठा नोंदवही आणि ताट या तिन्हीकडे नीट पाहिले तर आमचे उत्तर सरळ आहे. सगळ्यांना द्यावे, आणि दहावीपर्यंत द्यावे.

आज काय चालते ते आधी पाहू. १९९५ च्या १५ ऑगस्टला केंद्राची मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी नेऊ देत. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस द्या असा आदेश दिला, आणि त्यानंतर शाळांच्या आवारात पातेली आली. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा मुलांचा हक्क ठरवला, पण सहा ते चौदा वयाच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या आणि सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वा अनुदानित शाळांतल्या मुलांपुरता. आठवीची ही रेघ प्राथमिक शिक्षणाच्या टप्प्यावरून आली आहे. भुकेशी तिचा काही संबंध नाही.

महाराष्ट्रात ही रेघ फार विचित्र ठिकाणी पडते. आपल्या अनेक अनुदानित माध्यमिक शाळा पाचवी ते दहावीच्या. एकच आवार, एकच घंटा, एकच मधली सुट्टी. आठवीचे पोर एप्रिलमध्ये पंगतीत बसते आणि जूनमध्ये नववीत गेले की त्याच पंगतीपासून दहा पावलांवर उभे राहते. तेही नेमके भूक दुपटीने वाढण्याच्या वयात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. तमिळनाडू आणि कर्नाटकात हे जेवण दहावीपर्यंत मिळते. तिथे वरच्या दोन वर्गांचा भार राज्य स्वतः उचलते.

‘फक्त गरजूंना द्या’ म्हणणाऱ्यांनी ते कसे करायचे हेही सांगावे. उत्पन्नाचा दाखला मागायचा, तर तो नेमका त्यांच्याचकडे नसतो ज्यांना जेवण हवे असते : ऊसतोडीला गेलेले, वीटभट्टीवर आलेले, वर्षाच्या मध्येच दुसऱ्या तालुक्यातून दाखल झालेले. दाखला आला तरी रोज सकाळी हजेरी दोनदा मोजावी लागेल, साठ्याची पाने दोन ठेवावी लागतील आणि पंगतीत कोण बसला यावर कोणीतरी नजर ठेवावी लागेल. तो ‘कोणीतरी’ म्हणजे अर्थातच शिक्षक. शिवाय चौदा-पंधरा वर्षांचे मूल ‘गरिबांच्या रांगेत’ उभे राहण्यापेक्षा उपाशी राहणे पत्करते. आठवीपर्यंत आपण कुणाला दाखला विचारत नाही, त्यामुळेच ही योजना इतकी वर्षे चालू शकली. ज्याला नको तो डबा आणतो. त्याचे धान्य शिजतच नाही, कारण धान्य हजेरीपटावरून न काढता त्या दिवशी जेवणाऱ्यांच्या संख्येवर मोजायचे असते.

आता खर्च. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरलेले आहे. धान्य वगळून बाकी सगळ्याला, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांना, मे २०२५ पासून धाकट्यांसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि थोरल्यांसाठी १० रुपये १७ पैसे धरले आहेत. पाचवी ते दहावीची, प्रत्येक इयत्तेत साठ मुले असलेली शाळा घ्या. सगळी मुले जेवली तर आज तिथे रोज ३३ किलो तांदूळ आणि ६ किलो ६०० ग्रॅम डाळ शिजते. नववी-दहावीची १२० मुले थोरल्यांच्या प्रमाणाने धरली, तर त्यात १८ किलो तांदूळ, ३ किलो ६०० ग्रॅम डाळ, ९ किलो भाजी आणि ९०० ग्रॅम तेलाची भर पडेल. आजच्या दराने रोजचे १२२० रुपये होतात, २०० दिवसांचे २ लाख ४४ हजार, आणि वर्षाला ३६ क्विंटल तांदूळ. केंद्राच्या निकषानुसार पहिल्या २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरामागे एक. म्हणजे २४० मुलांना चार असतात, ३६० ला पाच लागतील. स्वयंपाकगृह, कोठी, गॅस, पाण्याची टाकी हे सगळे आधीच आहे. मात्र जुन्याच पातेल्यात जास्तीचा तांदूळ ओतून भागवू नये. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात खाली खिचडी लागते आणि मधला तांदूळ कच्चट राहतो. दुसरे पातेले आणि दुसरी शेगडी घ्यावीच लागेल.

पण आजचे ताट आहे तसेच वरच्या वर्गांना वाढून भागणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कायद्याने धाकट्यांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि थोरल्यांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. धाकट्यांचा हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम डाळीत ७० उष्मांक आणि साडेचार-पाच ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम तेलात ४५ उष्मांक. कागदावर बेरीज जुळते, पण ताटातले शेवटचे शीत पोटात गेले तरच. हेच १०० ग्रॅम तांदूळ, डाळ आणि भाजी शिजून साडेतीनशे ग्रॅमच्या वर खिचडी होते. पहिलीतले सहा वर्षांचे मूल एका बैठकीला एवढी खात नाही. तिसरा हिस्सा ताटात राहिला की प्रथिनांचाही तिसरा हिस्सा गेला. म्हणून थोड्या आकारमानात जास्त ऐवज देणारा पदार्थ लागतो. सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने देणारे अंडे त्याला सर्वांत सोयीचे. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी काढून घेऊन ‘लोकसहभागा’कडे बोट दाखवले. बाजारात अंडे सहा-सात रुपयांना. धाकट्यांचे दिवसाचे ६ रुपये ७८ पैसे त्या एकाच अंड्यात संपतात. ज्या गावात लोकसहभाग गोळा होईल तिथल्या मुलांना त्याची गरज कमी असते, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

पाककृती ठरवणाऱ्यांनी एकदा सोमवारी सकाळी शाळेत यावे. मोड आलेली मटकी हवी तर ती आठ-दहा तास भिजवून पुढे दहा-बारा तास फडक्यात बांधून ठेवावी लागते. सोमवारच्या मटकीसाठी रविवारी कुलूपबंद शाळेत कोण जाणार? मग ती सकाळी गरम पाण्यात टाकतात, कडधान्य कच्चट राहते, मुलांची पोटे दुखतात आणि खापर मदतनीस बाईंवर फुटते. सोमवारी तूरडाळ-भात किंवा मूगडाळीची खिचडी ठेवावी आणि कडधान्ये मंगळवारपासून. एका ओळीचे परिपत्रक पुरेल.

पोषणयुक्त तांदळाचेही असेच. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घालून पिठापासून बनवलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक मिसळलेले असतात. ते किंचित वेगळ्या रंगाचे असतात आणि पाण्यावर तरंगतात. मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून ते निवडून टाकले जातात किंवा धुताना वरच्या पाण्याबरोबर ओतून दिले जातात. ज्यासाठी एवढा खटाटोप, ते लोह मोरीत जाते. तांदूळ दोन-तीनदा खळखळून धुऊ नये, मोजक्या पाण्यात शिजवावा आणि पेज काढू नये, एवढे प्रत्येक मदतनिसाला पातेल्यापाशी उभे राहून दाखवले पाहिजे. भिंतीवरचा छापील तक्ता धुराने काळा झाल्यावर कोणी वाचत नाही.

सुरक्षिततेत काटकसर नको. बिहारमधल्या छपऱ्याजवळच्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतल्या जेवणाने २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी कोठीत येता कामा नये. पोती फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, हा केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमधला नियम आहे. चव नोंदवहीत आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम झाल्या, तर तो नियम नसल्यातच जमा. शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहातून जेवण येते तिथे धोका निराळा. सकाळी लवकर शिजलेला भात दुपारपर्यंत कोमट राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि नंतर गरम केला तरी त्यांचे विष जात नाही. भात साठ अंशांच्या वर राहील अशीच भांडी हवीत, नाहीतर फेऱ्या वाढवाव्यात.

शिक्षक या योजनेवर वैतागतात, ते उगाच नाही. रोजची संख्या अ‍ॅपवर, साठा नोंदवहीत, महिन्याचा ताळेबंद आणि वर रिकाम्या बारदानाचाही हिशेब. नववी-दहावी जोडताना केंद्रशाळेमागे एक हिशेबनीस द्या, गणिताच्या शिक्षकाला तराजूपासून सोडवा. आणि मदतनीस बाईंचे मानधन? केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले महिना एक हजार रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्ये त्यात भर घालतात, तरी एवढ्या पैशांत अडीचशे-तीनशे मुलांचे जेवण वेळेवर आणि स्वच्छ व्हावे ही अपेक्षा धरायची म्हणजे कमालच.

विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के राखीव जागांवर शिकणारी मुलेही उपाशी राहू नयेत. पण तिथे स्वयंपाकगृहापासून सुरुवात करावी लागेल. ते दुसऱ्या टप्प्यात घ्यावे.

पहिला टप्पा पाचवी ते दहावीच्या अनुदानित शाळा आणि स्थानिक संस्थांच्या माध्यमिक शाळा, येत्या जूनपासून. शासन निर्णय काढताना केंद्राच्या २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांतली एक तरतूद नववी-दहावीलाही पहिल्या दिवसापासून लागू करावी : धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून ज्या दिवशी जेवण शिजले नाही, त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळाला पाहिजे. पुरवठादाराची गाडी वेळेवर आणायला याहून चांगला उपाय आम्हाला तरी माहीत नाही.

आपले,
शालेय पोषण आहाराच्या कामातील काही वाचक