कालच्या फोननंतर

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

काल "लाइन खराब आहे, आई" म्हणून तू फोन ठेवलास. लाइन चांगली होती. खराब लाइनवर शब्द तुटतात, आवाज पत्र्यासारखा येतो, दोघंही एकदम बोलायला लागतात. तसं काहीच नव्हतं. डॉक्टरांकडे गेलास का, एवढं विचारलं आणि तू गप्प झालास. खोकला मात्र स्वच्छ ऐकू आला. ताईला अजून बोलले नाही.

पत्रात खोकल्याचं काढायचं नाही असं ठरवलंय. लाइनचंच लिहिते, कारण तिच्यावर आळ घेतलास.

लाइनमुळे उशीर व्हायचा तो उपग्रहाच्या काळात. 1965 च्या 'अर्ली बर्ड' उपग्रहापासून, आणि आपल्याकडे 1971 साली पुण्याजवळच्या आर्वीचं भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी संपर्क ठेवणारं जमिनीवरचं केंद्र, सुरू झाल्यापासून. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच. शब्द वर जाऊन खाली यायला 72,000 किलोमीटर, रेडिओलहरींचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर, म्हणजे पाव सेकंद. उत्तराला परत तेवढाच. विचारणाऱ्याला अर्धा सेकंद काहीच ऐकू येत नाही, तो घाबरून पुन्हा "हॅलो" म्हणतो आणि नेमकं तेव्हाच उत्तर येऊन त्यावर आदळतं. दोन उपग्रहांवरून कॉल गेला तर हाच उशीर सेकंदाच्या वर जायचा, म्हणून तशी जोडणी होता होईतो टाळत.

त्याहून छळायचा तो प्रतिध्वनी. घरापर्यंत दोनच तारा येतात, त्यांवरून बोलणं आणि ऐकणं दोन्ही चालतं. लांबच्या मार्गावर जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी. या दोन्हींची गाठ पडते तिथे हायब्रिड नावाची जोडणी असते. प्रत्येक घरच्या तारेशी तिचा तोल तंतोतंत जुळत नाही, म्हणून आवाजाचा थोडा अंश तिथून मागे फिरतो. जवळच्या कॉलवर तो कळतही नाही. उपग्रहाच्या कॉलवर मात्र अर्ध्या सेकंदाने आपलाच शब्द कानात आला की बोलणारा अडखळतो. त्यावर एको सप्रेसर बसवत. एक जण बोलत असला की तो उलटी वाट दाबून धरायचा. दोघं एकदम बोलले की कुणाच्या तरी शब्दांचे शेंडे छाटले जायचे. वाक्य पुरं करायचं, थांबायचं, मग ऐकायचं, ही शिस्त तिथून आली. फक्त प्रतिध्वनीच वजा करणारे एको कॅन्सलर नंतर आले आणि ही छाटाछाट थांबली.

तुझ्या कालच्या फोनमध्ये उपग्रह नव्हता. समुद्रतळाच्या काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, 10,000 किलोमीटरला 50 मिलिसेकंद. बाकीचा उशीर आवाजाचे तुकडे करून पाठवण्यात, ते पुन्हा ओळीत लावण्यात आणि तुझ्या त्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये जातो. सगळं धरूनही तू गप्प होतास त्याचा हिशेब लागत नाही, मंदार. लहानपणीही अंगात ताप असला की तू असाच गप्प व्हायचास आणि विचारलं की पुस्तक तोंडापुढे धरायचास. आजीला तेवढ्यावरून कळायचं.

पूर्वी लोक परदेशातून आजारपण लपवत, त्याला पैशाचं तरी कारण होतं. 1927 मध्ये लंडन-न्यूयॉर्क रेडिओ टेलिफोन सुरू झाला तेव्हा तीन मिनिटांना 15 पौंड पडत, आणि सुरुवातीला एका वेळी एकच कॉल जाई. 1956 ची अटलांटिक केबल आली तिच्यातही वाहिन्या 36 च, दर तीन मिनिटांना 12 डॉलर. वाहिन्याच कमी, म्हणून दर चढे, म्हणून कॉल नोंदवायचा आणि ऑपरेटरच्या फोनची वाट बघत घरात बसून राहायचं. लागला तरी तीन मिनिटांचे पैसे भरायचेच, एका मिनिटात ठेवला तरी. ठरावीक माणसाच्या नावाने कॉल नोंदवला तर दर जास्त, पण तो माणूस तिथे नसेल तर बोलण्याचे पैसे वाचत. एवढ्या खर्चाच्या मिनिटांत कोण छातीत दुखतं म्हणून सांगणार? "सगळं ठीक" म्हणायचं आणि ठेवायचं. तुला तसं म्हणायची गरज काय? तुझ्या मिनिटाला मोल पडत नाही, मग आईपासून…

पुरे. पुन्हा सुरू झाले, रागावू नकोस. परक्या गावात एकट्याने घर उभं केलंस, नोकरी टिकवलीस, याचा अभिमान काकांपुढे रोज बोलून दाखवते. तुझ्यापुढे मात्र तोंडातून तक्रारच निघते.

रविवारी फोन करशील तेव्हा वायरचा इयरफोन लाव, लॅपटॉप राउटरला केबलने जोड, आणि डाउनलोड चालू असतील तर बंद कर. माझं वाक्य संपलं की क्षणभर थांबून बोल, मीही थांबेन. त्याआधी छातीचा एक्स-रे काढ, खोकला तीन आठवड्यांवर गेलाय. रिपोर्ट जसाच्या तसा मला पाठव. त्यात काय लिहिलंय ते तू वाचून सांगू नकोस.

तुझी,
आई