आपल्या ‘भोपळा-मसाला’ बिअरमध्ये भोपळा आणि बिअर दोन्ही न आढळल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : मुख्य ब्रूअर यांच्या माहितीसाठी)

विषय : मोसमी भोपळा-मसाला बिअरची चव, कॅनवरील दावे आणि आपल्या प्रतिनिधीने फोनवर दिलेले उत्तर

महोदय,

आपल्या कंपनीने यंदा दसऱ्याच्या सुमारास बाजारात आणलेल्या भोपळा-मसाला बिअरचे चार कॅन मी कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानातून विकत घेतले. बिलाची प्रत आणि कॅनच्या तळावरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. माल मुदतीतला होता, कॅन फुगलेला किंवा चेपलेला नव्हता आणि दुकानदाराने तो फ्रीजमध्येच ठेवला होता. म्हणजे वाहतुकीवर किंवा दुकानदारावर ढकलण्याजोगे यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कॅन फ्रीजमधून काढून लगेच ओतला नाही. फार थंड बिअरमध्ये मसाल्याचा वास दबतो आणि ब्रूअरवर विनाकारण अन्याय होतो. ग्लास स्वच्छ धुऊन कोरडा केलेला होता. रंग सुरेख आला : तांबूस, नितळ. फेस मात्र जेमतेम वर आला आणि लगेच बसला. मसाल्यातली तेले फेसाला मारक असतात, त्यामुळे याबद्दल फार ताणत नाही. पण घटकांच्या यादीत फेस टिकवणारे गव्हाचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू, आहे, ते मग कशासाठी घातले होते?

वासात दालचिनी आहे. तिच्या मागे काय आहे ते शोधायला गेलो तर तिथेही दालचिनीच. बऱ्याच वेळाने व्हॅनिला सापडला, तोही शेंगेचा नव्हे, बाटलीतल्या इसेन्सचा. घोट सुरुवातीला गोड लागतो. मधे जिथे माल्टने यायचे, तिथे नुसते पाणी आहे. आणि मग लवंग. लवंगेतले युजेनॉल जीभ बधिर करते, म्हणून तर दाढ दुखली की आपण लवंगेचे तेल लावतो. निम्मा ग्लास संपेपर्यंत माझ्या जिभेचे टोक त्याच अवस्थेला आले होते. दाढ दुखत नव्हती.

गिळल्यावर मागे राहतो तो तुरटपणा. हा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा नाही. साल फार वेळ उकळल्याची ती खूण आहे. दालचिनी म्हणजे अखेर झाडाची साल. ती बराच वेळ उकळत ठेवली की तिच्यातले तुरट टॅनिन उतरणारच. मसाला उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांत घालावा, किंवा वेगळा अर्क काढून टाकीत चव घेत घेत मिसळावा, एवढे आपल्या ब्रूअरना माझ्याकडून कळायला नको होते. शिवाय दालचिनी कोणती वापरली? बाजारात दालचिनी म्हणून सर्रास मिळते ती जाड सालीची कॅशिया, झणझणीत आणि एकसुरी. पातळ पापुद्र्यांची खरी दालचिनी सौम्य असते, आणि ती मिळवायला फार लांब जावे लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात केव्हाच दिलेली आहे. कॅनवर ‘निवडक मसाले’ असे छापले आहे. निवडले कोणी, हे समजले तर बरे होईल.

जायफळाबद्दल मात्र तक्रार नाही. ते बेताचे आहे, ताजे किसलेले वाटते, आणि संपूर्ण पेयात तेवढी एकच गोष्ट कोणीतरी विचार करून घातल्यासारखी वाटली. ज्याने ते घातले त्याला बाकीच्या मसाल्यांचाही कारभार द्यावा.

चांगली बिअर जराशी कोमट होत गेली की तिच्यातले एकेक पदर बाहेर येतात. आपल्या बिअरमधून मसाले एकेक करून निघून गेले आणि शेवटी व्हॅनिला एकटाच बसून राहिला. घरी आलेल्या मेव्हण्याला काही न सांगता एक ग्लास दिला. ‘चहाचा मसाला कशात घातलाय हा?’ असे त्याने विचारले. बिअरमध्ये घातला असेल, असे त्याच्या मनातही आले नाही.

मी कामानिमित्त काही वर्षे न्यू जर्सीत होतो, त्यामुळे हा प्रकार मला नवा नाही. तिथे भोपळे शेतातून निघण्याआधीच भोपळा बिअर दुकानांत येते; तीही एक गंमतच. डेलावेअरच्या डॉगफिश हेडची ‘पंकिन एल’ तिथे पुष्कळ प्यालो. ही तपकिरी रंगाची, ७ टक्के अल्कोहोलची बिअर. ब्रुअरी १९९५ मध्ये सुरू झाली, पण त्याच्या आदल्याच वर्षी या बिअरच्या कृतीने एका जत्रेतली पाककृती स्पर्धा जिंकली होती. ती जत्रा यंत्रांनी भोपळे लांबवर फेकण्याची! त्या बिअरमध्ये आधी माल्ट लागते, मग ब्राउन शुगर, आणि मसाला त्यांच्या मागून येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सदर्न टिअर ब्रुअरीच्या ‘पमकिंग’ या भोपळा बिअरमध्ये व्हॅनिलाचा वास चांगला दरवळतो, पण तो पेलायला खाली ८.६ टक्क्यांची भरभक्कम बिअर आहे. आपण तेवढाच मसाला आणि तेवढाच व्हॅनिला ४.८ टक्क्यांच्या सडपातळ बिअरवर लादला आहे. आपल्याकडच्या मानकांनुसार ५ टक्क्यांच्या वरची बिअर ‘स्ट्राँग’ ठरते आणि तिला ८ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. सहा-साडेसहाची, जरा अंग असलेली बिअर केली असती तर कायदा आड आला नसता. ‘माइल्ड’ लवकर खपते हा हिशेब असेल, तर मग मसालाही माइल्ड ठेवायचा.

आता कॅनवरच्या मजकुराकडे येतो. ‘अमेरिकेतील वसाहतकालीन मसालेदार पाककृती’ आणि त्याखाली ‘जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पसंतीची’ असे आपण छापले आहे. वॉशिंग्टन यांच्या १७५७ सालच्या वहीत ‘स्मॉल बिअर’ची, म्हणजे कमी अल्कोहोलच्या हलक्या बिअरची, कृती आहे आणि ती वही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपून ठेवलेली आहे. त्या कृतीत कोंडा, हॉप्स, मोलॅसिस (उसाची मळी) आणि यीस्ट आहे. भोपळा नाही, दालचिनी नाही. वसाहतकाळात भोपळ्याचे मद्य करत नव्हते असे मी म्हणत नाही. करत होते, पण बार्लीचे माल्ट दुर्मीळ आणि महाग, म्हणून त्याच्या जागी भोपळा. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडची १७७१ सालची एक कृती प्रसिद्ध आहे : भोपळा कुटायचा, सफरचंदासारखा पिळून रस काढायचा, तो बराच वेळ उकळून वरचा चोथा काढत राहायचे, आणि मग हॉप्स घालून माल्टच्या बिअरप्रमाणेच आंबवायचा. त्या कृतीत मसाल्याचे नावही नाही. ती गरजेपोटी केलेली बिअर होती, सणासुदीची नव्हे.

मसाला आला तो १९८०च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बफेलो बिल्स ब्रुअरी चालवणाऱ्या बिल ओवेन्स यांनी भोपळा घालून बिअर केली, त्यांना भोपळ्याची चव काही लागेना, म्हणून त्यांनी तिथे पम्पकिन पायमध्ये घालतात तो दालचिनी-जायफळ-लवंगेचा मसाला मिसळला. आपण जिची नक्कल केली आहे ती ही बिअर. त्यात कमीपणा काहीच नाही. मग वॉशिंग्टनना मधे कशाला ओढले?

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला तेव्हा तिथल्या मुलीने अतिशय सौजन्याने सांगितले की, ‘सर, भारतीय भोपळ्याला ती अमेरिकन टेस्ट येत नाही, म्हणून फ्लेवर वापरावा लागतो.’ तिचा दोष नाही. तिला जे लिहून दिले ते तिने वाचले. लिहून देणाऱ्याला मात्र हे कळवावे : अमेरिकेत डब्यात भरून विकला जाणारा भोपळा मुख्यत्वे इलिनॉय राज्यात पिकतो आणि तो कुकुर्बिटा मोशाटा या प्रजातीचा असतो. मंडईत फोडी करून विकला जाणारा आपला लाल भोपळा बहुतेक याच प्रजातीचा. आपल्या कॅनवर डोळे-दात कोरलेल्या ज्या भोपळ्याचे चित्र आहे तो बहुधा दुसऱ्याच प्रजातीचा, पाणचट आणि दोरेदार, मुख्यतः दारात दिवा लावून ठेवण्यासाठी पिकवलेला. म्हणजे खायचा भोपळा इथे मिळत असताना आपण चित्र शोभेच्या भोपळ्याचे लावले, आणि दोन्हींपैकी कोणताच घातला नाही.

तरीही तिच्या उत्तरात अर्धे तथ्य होते. बिअरमध्ये भोपळ्याची स्वतःची चव फारशी उरत नाही, कारण त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकते. पण घारग्यातला भोपळा तरी कुठे चवीने ओरडून सांगतो? रंग आणि मऊपणा त्याचा असतो, गोडी गुळाची, आणि जायफळ-वेलची मागून हळूच येते. भोपळा भाजून, साखर जराशी करपू देऊन, ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला माल्टबरोबर मॅशमध्ये, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याच्या लगद्यात, घातला तर माल्टमधली एन्झाइम्स त्याच्या पिठाची साखर करतात, आणि बिअरला थोडा खमंगपणा आणि जिभेवर जरा भरीवपणा येतो. मॅश चिकट होऊन गाळणी तुंबते, हे खरे. त्यासाठी भाताचे तूस मिसळतात, आणि तुसाची या राज्यात टंचाई नाही. हा खटाटोप ज्यांना करायचा नाही त्यांनी सरळ ‘मसाला बिअर’ म्हणून विकावी. मी ती घेतली नसती, पण तक्रारही केली नसती.

घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत भोपळ्याच्या पल्पचा उल्लेख आहे आणि त्याच्याआधी फ्लेवरचा. २०२० सालच्या अन्नपदार्थ लेबलिंगच्या नियमांनुसार, ज्या घटकाचा शब्दांनी किंवा चित्रांनी ठळक उल्लेख केला आहे त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. आपल्या कॅनवर समोर भोपळ्याचे चित्र आहे, नावात भोपळा आहे, मागे ‘खऱ्या भाजलेल्या भोपळ्याची ऊब’ आहे. टक्का कुठेही नाही. अल्कोहोलचा आहे, तोही दशांशासह.

तेव्हा मला लेखी उत्तर हवे आहे ते असे. या बॅचमध्ये भोपळा किती घातला, तो भाजलेला होता की पल्प, आणि मॅशमध्ये घातला की नंतर टाकीत ओतला. वॉशिंग्टन यांच्याबद्दलच्या दाव्याला आधार काय. पुढच्या छपाईत टक्का आणि फ्लेवरचा उल्लेख वाचता येईल अशा अक्षरांत येणार की नाही. आणि माझ्याकडे जो कॅन अजून न उघडता फ्रीजमध्ये आहे, तो परत घेऊन चारही कॅनचे पैसे मिळावेत. रक्कम मोठी नाही याची मला कल्पना आहे. महिन्याभरात उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि लेबलची प्रत अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे पाठवीन.

आपल्याच कंपनीची गव्हाची बिअर मी नेहमी घेतो आणि ती उत्तम असते. तिच्यातही लवंगेचा वास आहे, पण तो यीस्टमधून आलेला, मसाल्याच्या डब्यातून नव्हे. ज्यांना ती जमते त्यांना हे का जमू नये, एवढ्याचसाठी हे पत्र इतके लांबले.

कळावे,
आपला एक ग्राहक
(सही)
एरंडवणे, पुणे

सोबत : बिलाची प्रत, बॅच क्रमांकाचे व लेबलच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र

ता. क. : उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन पाठवू नये. मागच्या वेळी, झाकणाबद्दलच्या तक्रारीला, तेच आले होते.