मागे राहणारं माणूस लागतं

पुणे, 12 ऑक्टोबर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या चालायच्या क्लबाचं सांगत होतीस आणि मधेच तुला ऑफिसचा कॉल आला, म्हणून विषय अर्धवट राहिला. तुझं म्हणणं मला कळलं ते असं. क्लबातली मंडळी साठी-सत्तरीची, दर दहा पावलांवर थांबून कुठली अळंबी बघ, कुठलं शेवाळ बघ, मग थर्मासमधली कॉफी. त्यांच्या चालीनं चालून तुझे पाय आखडतात. त्यापेक्षा ॲपवर वाट घ्यावी आणि रविवारी एकटीनं सुटावं. वर्गणी भरली म्हणून जन्मभर जायचं का? तेव्हा मी गप्प बसले, कारण बाबा शेजारीच होते आणि "एकटं जायचं नाही" एवढ्यावर त्यांनी सभा संपवली असती. म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

एकटं चालायला माझी ना नाही. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर एकटीच जाते आणि कुणी "येऊ का बरोबर" म्हटलं की खरं सांगायचं तर कपाळाला आठी पडते. पण खाणीशी कुठली वाट कुठे फुटते, कुठला उतार पहिल्या पावसात निसरडा होतो, कुत्र्यांची टोळी कुठल्या वळणावर असते, हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. तुझं बेट तुला अजून असं माहीत नाही. आणि ते बेट म्हणजे काही मुरुड-जंजिरा नव्हे. कॅनडातल्या तुझ्या व्हँकुव्हर बेटाची लांबी साधारण 450 किलोमीटर, म्हणजे इथून गाडीनं पणजी गाठण्याएवढी. एका टोकाच्या हवेवरून दुसऱ्या टोकाचा अंदाज बांधता येत नाही.

भूगोलाच्या बाईंना राहवत नाही, तेव्हा जरा ऐकून घे. तुझ्या व्हिक्टोरिया शहरात वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच बेटाच्या पश्चिमेला टोफिनोला 3000 च्या वर. पुणे आणि ताम्हिणीसारखंच. इथे सह्याद्री आड येतो, तिथे समुद्रापलीकडचा ऑलिंपिक पर्वत. म्हणजे एका पर्जन्यछायेतून उठून तू दुसऱ्या पर्जन्यछायेत बिऱ्हाड केलंस! फरक ऋतूंचा. तुमचा उन्हाळा कोरडा, इतका की शेकोटी पेटवायला बंदी घालतात, आणि पाऊस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. आपला पाऊस कोमट असतो. सिंहगडावर चिंब भिजलं तरी भजी खाऊन माणूस ताजातवाना होतो. तिथला पाऊस चार-पाच अंशांतला. सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजली की अंगातली ऊब ओढून घेते आणि वाळत तर नाहीच. तुला पहिल्याच फेरीत जीन्स बदलून यायला लावणाऱ्या त्या आजींचा राग आला होता ना? मला त्या फोनवरूनच आवडल्या. आणि डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य साडेचारच्या आत मावळतो. दोन वाजता "अजून पुष्कळ वेळ आहे" असं वाटणं ही पुण्याची सवय आहे, ती पुण्यातच राहू दे.

समुद्राचं तर मला आणखीच सांगायचं आहे. माझं माहेर हर्णैचं, त्यामुळे भरती-ओहोटीचा हिशेब आम्ही परवच्यासारखा शिकलो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा. हे तू लहानपणी शिकली होतीस आणि आजोबांना बरोबर सांगायचीस. पण तो हिशेब तुमच्या किनाऱ्याला लावू नकोस. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, सरळ काम. व्हिक्टोरियापाशी मामला मिश्र आहे. कितीतरी दिवशी दिवसभरात एकच ठळक भरती येते आणि तिची वेळ तिथीवरून काढता येत नाही. तिथे छापील तक्ताच बघावा लागतो. हुआन दे फुकाच्या त्या 47 किलोमीटरच्या किनारी वाटेवर काही पुळणी भरतीच्या वेळी तुटतात, असं तूच वाचून दाखवलं होतंस. ॲप तुला वाट दाखवेल, पण त्या घडीला त्या वाटेवर पाणी किती आहे ते त्याला कुठून कळणार? क्लबातल्या ज्या माणसानं ती पुळण वीस वर्षं पाहिली आहे, तो नुसता ओल्या वाळूचा रंग बघून सांगेल.

कुलाबा किल्ल्याची आपली सहल तुला आठवते का कोण जाणे. तू चौथीत होतीस. अलिबागच्या पुळणीवरून ओहोटीत चालत गेलो होतो, आपल्या ग्रुपची पंचवीस-तीस माणसं. किल्ल्यात गणपतीचं दर्शन झालं, गोड्या पाण्याच्या विहिरीचं सगळ्यांनी कौतुक केलं, डबे उघडले, आणि लीडरनी शिट्टी वाजवली. कुणाची पुरी हातात, कुणाचा फोटो राहिलेला. एक जोडपं म्हणालं, पाचच मिनिटं. लीडर काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा डबा उचलून झाकण लावलं आणि त्यांच्या हातात दिला. ते जोडपं भयंकर रागावलं. आम्ही परत निघालो तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं, तू चपला हातात धरून प्रत्येक पावलाला मुद्दाम पाणी उडवत होतीस. किनाऱ्याला येऊन शहाळी फोडेपर्यंत मागून येणाऱ्या दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपला मांडीपर्यंत पाणी झालं होतं आणि त्यांच्या बायका मुलांना खांद्यावर घेऊन येत होत्या. त्या जोडप्यानं ते पाहिलं. तरीही राग काही गेला नाही, पुण्याचेच होते. पण पुढच्या सहलीला नाव आधी त्यांचंच.

लीडरचं ऐकणं तुला जमेल. मला जे खरं सांगायचं आहे ते वेगळंच आहे. तू त्या रांगेत मधे चालतेस, म्हणून कंटाळतेस. मधे चालणाऱ्याला काही कामच नसतं. पुढच्याच्या टाचा बघायच्या आणि तो थांबला की थांबायचं. तू लीडरला सांग की मी सगळ्यांच्या मागे राहते.

आमच्या ग्रुपात वर्षानुवर्षं शेवटची मीच असायचे. सुरुवातीला बाई म्हणून मागे ठेवली, नंतर मी ती जागा सोडेना. बघ, पुढे चालणाऱ्याला वाट दिसते, मागे चालणाऱ्याला माणसं दिसतात. कोण दर थोड्या वेळानं बुटाची लेस बांधायला वाकतोय. लेस सुटलेली नसतेच, त्याला दम लागलेला असतो. सकाळपासून बडबड करणारी एकदम गप्प झाली की समजावं, पाणी प्यायलेली नाही. तोरण्याहून राजगडाला जाताना बुधला माची उतरून त्या धारेवर लागलो, तेव्हा आमच्यात एक नवीन गृहस्थ होते, पायात करकरीत नवे बूट. दोन तास त्यांनी काही म्हणून सांगितलं नाही. मी मागून बघत होते, त्यांचा डावा पाय कडेवर पडायला लागला होता. "बूट काढा" म्हटलं तर लाजले. काढले तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड, मोजा चिकटलेला. पाण्यानं मोजा सोडवला, चिकटपट्टी लावली, बुटात दुसरा जाड मोजा घातला आणि ते संजीवनी माचीपर्यंत चालत आले. पुढे गेलेल्या पंधरा जणांना यातलं काहीच कळलं नव्हतं. ते अळू दरवाजाशी बसून आमच्या नावानं ओरडत होते.

यावरून एक आठवलं, ते मात्र तुमच्या लीडरला जरूर विचार. पुढची मंडळी थांबतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की पुढचे "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच ती मिळत नाही. आम्ही नियमच केला होता: शेवटचा माणूस खाली बसून पाणी पिऊन स्वतः उठेपर्यंत कुणी सॅक उचलायची नाही. अगदी साधा नियम आहे, पण जिथे तो पाळत नाहीत त्या ग्रुपातून म्हातारी आणि नवी माणसं हळूच गळतात आणि का गळली ते कुणाला कळत नाही.

आणि तुला वाटतं तसं मागे चालणं हे सोपंही नाही. आपल्या चालीनं चालणं कुणालाही येतं. दुसऱ्याच्या चालीनं दिवसभर चालून, तिसऱ्या कुणाची सॅक वर घेऊन, संध्याकाळी वाहनात बसताना डोकी मोजायला ज्याच्यात जोर उरतो तो खरा. तुझे पाय आखडतात म्हणतेस. चार सॅका उचलून बघ, मोकळे होतील.

शिवाय अळंब्या. त्या मंडळींच्या थांबण्याला तू हसतेस, पण मागच्या महिन्यात तूच मला ते आर्ब्युटसचं झाड तासभर वर्णन करून सांगितलंस: लाल साल कागदासारखी सुटते, खालचं खोड गुळगुळीत हिरवट, आणि हात लावला तर उन्हातही गार. ते झाड तू स्वतः ओळखलं होतंस का? कुणीतरी थांबून तुझा हात धरून त्यावर ठेवला, म्हणून ना? कॅनडात पानं न गाळणारं रुंद पानांचं देशी झाड तेवढं एकच आहे म्हणे, हेही त्यांनीच सांगितलं. ॲपमधला बाण त्या झाडाशेजारून सरळ गेला असता. आता पुढच्या काही आठवड्यांत गोल्डस्ट्रीम नदीत सॅमन मासे चढतील, तेव्हा क्लबाची फेरी चुकवू नकोस. नदीत जन्मून समुद्रात वाढलेला मासा अंडी घालायला आणि मरायला परत त्याच नदीत येतो, हे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं. तू डोळ्यांनी बघून मला सांग. वास फार येतो असं वाचलं आहे, तेही सांग.

सॉल्ट स्प्रिंग बेटावरच्या क्लबाच्या फेरीला उशीर झाला म्हणून तुला बोलणी बसली, त्याबद्दल मात्र मी तुझी बाजू घेणार नाही. फेरीबोट पस्तीस मिनिटांची असली तरी ती तुझ्यासाठी थांबत नाही आणि तुझ्यामुळे दहा माणसं धक्क्यावर ताटकळतात. आम्ही वेल्ह्याच्या शेवटच्या एसटीवर अख्खा दिवस बेतायचो. स्वारगेटला साडेपाच म्हणजे साडेपाच. आलेल्यांना घेऊन गाडी निघायची, मग राहिलेला कुणाचा का नवरा असेना. (तुझे बाबा एकदा राहिले आहेत. त्यांना विचारू नकोस.)

पैशांचं विचारलं होतंस, ज्याची गाडी त्याला पेट्रोलचे किती द्यायचे म्हणून. तिथे जो रिवाज असेल तो विचारून घे आणि न मागता आधी दे. आपल्या कॉलेजातलं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, वेगळं. ती माणसं नेण्याचे पैसे घेत नाहीत, आदल्या दिवशी जाऊन वाट बघून येतात, हे लक्षात असू दे. इथे आता शनिवारी रात्री बसच्या बस सुटतात, एका लीडरमागे पन्नास पोरं, कुणाला कुणाचं नाव माहीत नाही, आणि पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर तर दर्शनाला लागते तशी रांग. त्यात बिचाऱ्या लीडरचा तरी काय दोष, त्याला पुढचाही माणूस दिसत नाही आणि मागचाही.

तुझ्या वयाच्या त्या ऑफिसच्या कंपूबरोबरही जा, मजा कर. फक्त तिथे मागे कोण राहणार हे निघायच्या आधी ठरवा.

बाबांनी त्या प्यूमाचं, म्हणजे तिथल्या डोंगरी सिंहाचं, कुठेतरी वाचलं आहे आणि आता रोज मला नवीन माहिती पुरवतात. तुमच्या बेटावर ते बरेच आहेत हे खरं. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं आणि हळूहळू मागे सरायचं, एवढं तुला ठाऊक असेलच. पण एकदा त्यांना फोन करून तूच सांग, म्हणजे ते मला सोडतील. घोळक्यात बडबड करत चालणाऱ्या दहा-बारा जणांच्या वाटेला सहसा कुठलंच जनावर येत नाही, हेही सांग. त्या बाबतीत तुझी म्हातारी मंडळी फार कामाची.

दिवाळीचा फराळ पुढच्या आठवड्यात कुरियर करते. चकल्या मोडतील, त्यामुळे शेव आणि कडक शंकरपाळे जास्त घातले आहेत, फेरीला न्यायला बरे पडतात. त्या जीन्सवाल्या आजींना गहू चालत नाही असं म्हणाली होतीस ना? शंकरपाळ्यात मैदा आहे, त्यांना देऊ नकोस. त्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या वड्या वेगळ्या डब्यात ठेवते. गूळ चालतो का, ते रविवारी विचारून मला कळव.

तुझी,
आई