गिअर मोजू नका, मागचा हब बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकल खरेदीवरचा लेख वाचला. एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, घ्यायची तर २१ गिअर असावेत, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलं तर फारच उत्तम, असा सल्ला त्यात होता. कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवती सकाळी फेरी मारणाऱ्यांपुरता तो लेख असता तर मी पेन उचललं नसतं. पण सोबत फोटो छापला होता पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचा. तो बघून पोरं आईबापांकडे हट्ट धरणार, आणि आपल्याकडं एकदा नाद लागला की माणूस खिसा बघत नाही. निदान पैसा जायचा तर योग्य जागी जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. सायकलीचं दुकान नाही, कुणाची एजन्सी नाही, त्यामुळे खाली कुठल्या सायकल कंपनीची भलामण सापडणार नाही. रविवारी पोहाळ्याच्या लेण्यांकडून जोतिबाच्या डोंगरात किंवा पन्हाळ्यावरून म्हाळुंग्यामार्गे पठारावर सायकल घेऊन जातो. आणि आठवडाभर दुसऱ्यांच्या सायकलींचे तुटलेले पार्ट माझ्या टेबलावर येतात. दुकानदार सायकल विकून मोकळा होतो. तुटल्यावर पोरं उद्यमनगराची वाट धरतात.

पावसाळा संपता संपता एक कॉलेजचा मुलगा मागचं चाक खांद्याला अडकवून आला. ‘‘काका, ॲक्सल तुटलाय, वेल्डिंग मारून मिळंल का?’’ सायकल नवीच होती. पुढे तीन चक्रं, मागे सात. वाघबिळाच्या उतारावर दगडाला आदळलो म्हणून तुटला, असं त्याचं म्हणणं. मी त्या ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचं, तुटलेलं तोंड उजेडात धरलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, आतल्या आत घासून गुळगुळीत झालेला. एका कडेचा कोरीएवढा भाग तेवढा ताजा, चकचकीत, दाणेदार. म्हणजे ॲक्सल त्या दगडावर तुटलेलाच नव्हता. चीर कधीच पडली होती, प्रत्येक फेरीला ती थोडी पुढं सरकत होती. उरलेल्या कोरीला पोराचं वजन पेललं नाही तेव्हा दगड फक्त निमित्त झाला. वेल्डिंग अर्थातच मारलं नाही. वेल्डिंगनं तापलेल्या जागी पोलाद ठिसूळ होतं, पुन्हा तिथंच तुटणार. नवा ॲक्सल घालून दिला आणि हाही वाकेल, असं सांगूनच पाठवलं.

वाकेल असं का म्हणालो, ते नीट सांगतो, कारण आपल्या लेखात नेमकं हेच राहून गेलं आहे. स्वस्त सायकलीत मागची दातेरी चक्रं फ्रीव्हीलवर असतात. हे फ्रीव्हील हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, अंगावर आट्यांनी आवळून बसतं. माप १.३७ इंच, इंचाला २४ आटे. आजोबांच्या काळ्या सायकलीपासून चालत आलेलं. तेव्हा मागं एकच चक्र होतं, तोवर सगळं ठीक होतं. सात चक्रं आली तसं फ्रीव्हील रुंद झालं, पण उजवीकडचं बेअरिंग मात्र हबच्या पोटात जिथल्या तिथं राहिलं. बेअरिंगपासून फ्रेमपर्यंतचा ॲक्सलचा तुकडा बिनआधाराचा. लांब बार लेथच्या चकमध्ये एका टोकाला धरून, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार न देता कापायला घेतला तर बाहेरचं टोक जसं उड्या मारतं, तसाच हा प्रकार. त्यात ॲक्सल जेमतेम १० मिलिमीटरचा, आणि क्विक रिलीजसाठी (पान्याशिवाय चाक काढायची दांडी) मधून पोकळ केलेला.

कॅसेट नावाची दुसरी पद्धत आहे. तीत चक्रं हबच्याच अंगच्या फ्रीहब नावाच्या फिरत्या भागावर सरकवून बसवतात आणि शिमानोच्या रचनेत उजवं बेअरिंग त्या फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या अगदी जवळ येतं. आधार कडेला गेला की ॲक्सल वाकायचं मूळ कारणच संपलं. ही रचना काही कालची नाही, १९७० च्या दशकाच्या शेवटापासून बाजारात आहे. तरी आजही चकाचक रंगाच्या, डिस्क ब्रेकच्या, ‘माउंटन’ असं ठळक लिहिलेल्या सायकलीत फ्रीव्हीलच घालून देतात, कारण ते स्वस्त पडतं आणि बाहेरून गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

कळू शकतो मात्र. दुकानात मागचं चाक स्थिर धरायचं आणि चक्रं हातानं उलटी फिरवायची. अगदी मध्यभागी, ॲक्सलभोवती, पाना बसण्यासाठी खाचा असलेलं कडं दिसतं. ते कडं चक्रांबरोबर फिरलं तर कॅसेट, नुसतं जागेवर उभं राहिलं तर फ्रीव्हील. याला अर्धा मिनिट लागतो. दुकानदार भुवया उंचावेल, उंचावू दे.

आता त्या २१ गिअरचं. पुढची तीन गुणिले मागची सात एवढाच तो हिशोब. त्यातले बरेच एकमेकांच्या अंगावर पडतात. चढाला कामाला येतो फक्त सगळ्यात हलका गिअर. पुढचं लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागचं मोठं २८ चं असेल, जे या स्वस्त सायकलींत सर्रास दिसतं, तर पायडलच्या एका फेरीला चाक ०.८६ फेरी फिरतं. त्याउलट पुढं एकच ३२ दात्यांचं चक्र आणि मागं ११ ते ४६ ची दहा चक्रं असतील तर तेच प्रमाण ०.७० येतं. म्हणजे दहा गिअरची सायकल २१ वालीपेक्षा चढाला हलकी! शिवाय पुढचा गिअर बदलायची कटकट नाही, आणि मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा पार्ट) चेन ताणून धरणारा क्लच असला तर दगडांवर चेन फडफडून उतरतही नाही. ज्याला बजेट नाही त्यानं ३×८ (पुढे तीन, मागे आठ चक्रं) घ्यावी, हरकत नाही, पण कॅसेटवरची, आणि मागचं मोठं चक्र किती दात्यांचं हे विचारून.

दोन्हीकडे सस्पेन्शनवाल्या स्वस्त सायकलीबद्दल कमी बोललेलं बरं. मागचा स्प्रिंग जिथं हलतो त्या सांध्याला काही महिन्यांत खेळ येतो, वजन भरमसाट आणि चढाला बरीच ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. चांगलं फुल सस्पेन्शन लाखाच्या घरात असतं. म्हणूनच हार्डटेल, म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे सरळ, मजबूत फ्रेम. तेवढ्याच पैशात फ्रेम, हब आणि ब्रेक सगळं एक पायरी वरचं मिळतं. चार इंची जाड टायरच्या फॅट बाईकलाही हेच लागू. ती वाळूसाठी आणि बर्फासाठी निघालेली चीज. कोल्हापुरात दोन्ही नाही.

पुढच्या चिमट्याबाबत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपबाबत, बाजारात सगळ्यात जास्त फसगत होते. तीस-पस्तीस हजारांपर्यंत बहुतेक ठिकाणी पोलादी स्प्रिंगचा शॉकअप मिळतो. वजन अडीच किलोच्या आसपास. दाबला जातो झकास, पण परत येताना त्याला आवर घालणारं आत काही नसतं, म्हणून खडकावरून उतरताना हँडल हातात उसळतं. हवेचा शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे पंपानं लावता येतो, तो महाग. माझं मत असं, की सुरुवातीला स्प्रिंगचा चालवून घ्यावा, पण फ्रेम अशी घ्यावी की पुढंमागं हवेचा बसेल. त्यासाठी फ्रेमच्या डोक्याची, म्हणजे हँडलखालची, नळी बघावी. खालच्या बाजूला रुंद असेल, म्हणजे टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचा) चिमटा बसत असेल, तर उत्तम. सरळ, सव्वा इंचाला थोडं कमी, १⅛ इंची दांडीचे चांगले हवेचे चिमटे आता शोधावे लागतात. टायर, पायडल, सीट, हँडल हे सगळं नंतर सवडीनं बदलता येतं. फ्रेम बदलली तर मग सायकलच बदलली.

साइजचं तसंच. पोरगं वाढत्या अंगाचं म्हणून एक नंबर मोठी फ्रेम घेऊन देणारे बाप मी बघितलेत. उतारावर एकदम उतरायची वेळ आली की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि मधली दांडी नको तिथं लागते. उंची सांगून कंपनीचा साइजचा तक्ता दाखवा म्हणावं, आणि दोन्ही पाय टेकवून उभं राहून बघावं.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असले तर पन्हाळ्याच्या उतारावर दोन बोटांत काम होतं, पंजा आखडत नाही. तारेचे डिस्क ब्रेकही चालतात, फक्त पॅड झिजेल तसे हातानं जवळ घेत राहावं लागतं, आणि ते कुणी घेत नाही. टायर मात्र आल्याआल्या बघा. सव्वादोन इंची, खोल गुट्ट्यांचे हवेत. मुरमावर नुसत्या रेघोट्या असलेलं टायर वळणाला सरळ निघून जातं. आणि हवा! पेट्रोल पंपावर जाऊन मोटरसायकलच्या बेतानं ४०-५० पीएसआय भरतात, मग म्हणतात सायकल उडते. या रुंदीच्या टायरला माझ्यासारख्या मध्यम वजनाच्या माणसाला २५ च्या आसपास पुष्कळ होतात. आपल्याकडं पायवाटेवर बाभळीचा काटा ठरलेलाच, त्यामुळे रिम ट्यूबलेस करता येण्यासारखी असेल तर आत सीलंट घालून सुटका होते. उसाच्या पाणंदीतल्या काळ्या मातीवर मात्र पावसात कसलंच टायर चालत नाही. चिखल चाक आणि फ्रेमच्या मध्ये थापला जातो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सप्टेंबरात पठारावर फुलं असतात तेव्हा मळलेली वाट सोडून सडाभर चाकं फिरवणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथं छापता येणार नाही.

एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. बऱ्याच सायकलींवर पायडलच्या दांडीच्या आसपास छोटा स्टिकर किंवा पुस्तिकेत १ ते ५ यातला एक आकडा असतो. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेची ती वापराची वर्गवारी. १ म्हणजे डांबरी रस्ता. २ मध्ये मातीचा रस्ता येतो आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी. ३ म्हणजे खडबडीत पायवाट, उडी ६१ सेंटिमीटरपर्यंत. जोतिबाच्या डोंगरातून उतरायचं तर ३ हवा. बघितलं तर ‘माउंटन’ लिहिलेल्या कित्येक सायकलींवर हा आकडाच नसतो, काहींच्या पुस्तिकेत तर खडबडीत वाटेवर वापरू नये असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुकानात ती पुस्तिका मागून वाचायला कुणाची बंदी आहे?

माउंटन बायकिंगचा हा खेळ सुरू झाला तोसुद्धा हबवरूनच. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही हौशी पोरं जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडायची. पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. एका उतारातच तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. १९७६ पासून तिथं ज्या शर्यती झाल्या त्यांचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये १९९६ ला हा खेळ आला. हे वाचल्यापासून मला ती माणसं उद्यमनगरातलीच वाटतात.

जुनी सायकल घ्यायलाही मी नको म्हणणार नाही. चांगल्या फ्रेमची चार-पाच वर्षं वापरलेली हार्डटेल नव्या झगमगीत सायकलीला भारी पडते. फक्त डोक्याच्या नळीखालचा वेल्ड फडक्यानं पुसून बघायचा, रंगाला केसाएवढी भेग दिसली तर सौदा तिथंच सोडायचा. शॉकअपच्या नळ्यांवर गंज किंवा ओरखडे असले तर किंमत पाडायची.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तीस हजारांच्या सायकलीमागं वाचणाऱ्या रकमेत एक बऱ्यापैकी हेल्मेट येतं. ते त्याच दिवशी, त्याच बिलात घ्यावं.

शहरातल्या सायकल दुकानदारांना आपल्या पत्रातून एक विनंती. किमतीच्या चिठ्ठीवर गिअरचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, त्याखाली आणखी चार ओळी लिहा: मागे फ्रीव्हील की कॅसेट, मागचं मोठं चक्र किती दात्यांचं, चिमट्याची दांडी सरळ की टेपर्ड, आणि वापराच्या वर्गवारीचा आकडा. यातलं एकही गुपित नाही. आणि आपली दिवाळीची खरेदी पुरवणी निघेल तेव्हा सायकलींच्या पानावर या चार रकान्यांचा तक्ता छापता आला तर बघावं. मापं तपासून द्यायला व्हर्निअर घेऊन मी येईन, त्याचे पैसे नकोत.

आपला,
एक लेथवाला वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)