ती तीन बिलं

पुणे,
७ डिसेंबर २०२५

प्रिय पश्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मेसेज आले, दोन्हींना नुसता अंगठा पाठवला. रागावला असशील तर राग, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आई बरी आहे, आजीचा गुडघा आहे तसाच, मी ठणठणीत. झालं.

इंटर्नशिप परवा संपली. सर्टिफिकेटही आलं, त्यावर माझ्या कामाला 'उत्कृष्ट' म्हटलंय. ते मी घरी अजून दाखवलेलं नाही. का, ते फक्त तुला कळेल.

सीएची फर्म मुंबईची, मी सहकारनगरात. ऑफिस म्हणजे आमच्या कपाटाशेजारचा कोपरा, आजीच्या पोथ्यांचं टेबल. सकाळी दहाला कॉल, स्क्रीनवर अकरा काळे चौकोन, प्रत्येकात एक नाव. सरांचा चेहरा दोन महिन्यांत एकदाच दिसला. गुरुवारी इथे वीज नाहीतर पाणी, काहीतरी जातंच, तेव्हा मी जिन्यात बसून मोबाइलच्या नेटवर काम करायचो. पण कामाला नावं ठेवणार नाही. कॉलेजात दोन वर्षांत आली नव्हती तेवढी टॅली पंधरा दिवसांत आली. आणि पहिल्या दिवशी 'डे बुक' उघडलं तेव्हा मला काय आठवलं असेल सांग? तुझ्या बाबांची, आपल्या काकांची, दुकानातली रोजकीर्द! त्या लाल वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि आपण दोघं गल्ल्यामागे बसून तेरीज जुळवायचो. तू नेहमी शंभरात चुकायचास आणि पेन्सिलीला दोष द्यायचास.

आता मुद्दा. माझ्याकडे एका रंग-हार्डवेअरच्या दुकानाचं २०२४-२५ चं खरेदी खातं आलं. दुकान पुण्यातलंच. नाव सांगत नाही, तसं सही करून दिलंय. काम सरळ होतं. एका बाजूला दुकानदाराची बिलं, दुसऱ्या बाजूला जीएसटी पोर्टलवरची २बी, म्हणजे आपल्या नावावरच्या खरेदीची यादी. विकणारा आपल्या रिटर्नमध्ये जे बिल आपल्या जीएसटी नंबरावर दाखवतो, तेच २बीत उतरतं. तिथे नसेल तर बिल हातात असलं, पैसे दिलेले असले, तरी त्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या करातून वजावट, मिळत नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच तसा आहे. कंटाळू नकोस, पुढे काका येतात.

६ ऑक्टोबरला मला तीन बिलं सापडली जी २बीत कुठेच नव्हती. एकाच होलसेलरची, मिळून १,५३,००० चा माल, त्यावर १८ टक्क्यांनी कर २७,५४०. दर महिन्याला कुणीतरी 'पुढच्या महिन्यात दिसेल' म्हणून ती पुढे ढकलली होती. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, '२बीत दिसत नाही'. नियम असा होता की शंका असेल ती ओळ पिवळी करायची आणि सकाळच्या कॉलवर बोलायची. मी पिवळी केली नाही. मला वाटलं, माझंच शोधायचं चुकलं असेल. अकरा चौकोनांसमोर तोंड उघडायचं, आणि सर म्हणणार, अरे, हे तर फिल्टर लावलं की दिसतं. ऑफिसात शेजारी कुणी बसलेलं असतं ना पश्या, तर मी मान वळवून विचारलं असतं, हे बघ जरा. माझ्या शेजारी आजीची पोथी होती. शीट वर गेली. मग दिवाळी आली.

त्या वर्षाच्या बिलांचं क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर. प्रत्यक्षात २० नोव्हेंबरला भरायच्या रिटर्नमध्येच ते यायला हवं होतं, आणि त्यासाठी होलसेलरनं ११ तारखेपर्यंत आपली दुरुस्ती करायला हवी होती. त्यानं काय केलं होतं माहितीये? ती तिन्ही बिलं किरकोळ गिऱ्हाइकाची म्हणून दाखवली होती, दुकानाचा नंबरच घातला नव्हता. कर मात्र पूर्ण भरला होता. एका फोनचं काम होतं. ६ ऑक्टोबरपासून हातात महिनाभर होता.

२ डिसेंबरला सरांनी क्लायंटबरोबर कॉल लावला, मला ऐकायला बसवलं. दुकानदार वयस्कर असावेत, आवाजात खोकला. मागे कुणीतरी डबा हलवायच्या मशीनवर रंग लावला होता, त्याचा खडखडाट. ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, मी कर त्याला दिला. त्यानं सरकारला भरला. सरकारला पोचला. मग यात माझं चुकलं कुठे?"

पश्या, माझे हात गार पडले. हेच वाक्य. दुकानाच्या ओट्यावर, हातात कर खात्याचं ते पत्र घेऊन काकांनी हेच विचारलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर मी तुला म्हणालो होतो, "काकांनी हिशोब नीट ठेवायला हवे होते." तू माझा डबा लाथाडलास आणि तीन महिने बोलला नाहीस. नववीतला पोरगा मी, जमा कुठे आणि नावे कुठे एवढंच कळत होतं. काकांइतके नीट हिशोब मी या दोन महिन्यांत एकाही फाइलमध्ये पाहिले नाहीत, हे आज तुला लिहून देतो. (डबा मात्र तू भरून द्यायला हवा होतास, त्यात आईच्या पुरणपोळ्या होत्या.)

कॉल संपल्यावर मी सरांना फोन केला. सांगितलं की ती ओळ मी ऑक्टोबरातच पाहिली होती, पिवळी केली नाही. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, शीट तपासायची जबाबदारी माझी होती, तू इंटर्न आहेस, डोक्यात ठेवू नकोस. भला माणूस आहे. पण डोक्यात राहतंच. २७,५४० रुपये म्हणजे त्या माणसाच्या किती दिवसांच्या विक्रीतला नफा असेल? शीटमध्ये ती नुसती ओळ क्रमांक २१४ होती.

काल मी तिकडे गेलो. पत्ता मला पाठच आहे, सायकलनं वीस मिनिटं. दोन महिने मी मुंबईमार्गे त्या दुकानाचं काम करत होतो आणि दुकान इतकं जवळ! काकांच्या दुकानाएवढंच, गल्ल्यामागे तसाच लक्ष्मीचा फोटो. मी कोण ते सांगणं शक्य नव्हतं, सांगायला तोंडही नव्हतं. दहा रुपयांचा पॉलिश पेपर मागितला. त्यांनी स्वतः काढून दिला, खोकत. आवाज तोच. म्हणाले, "बिल देऊ का?"

दहा रुपयांच्या पॉलिश पेपरचं बिल, पश्या. मी हो म्हणालो. ते आत्ता समोर ठेवलंय.

जानेवारीत सीएच्या इंटरची परीक्षा आहे, मग आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी. ती आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. एक नक्की ठरवलंय, घरून काम देणारी फर्म घ्यायची नाही. जिथे दुकानदार पिशवीत बिलं घेऊन समोर येऊन बसतो अशीच शोधणार, पैसे कमी मिळाले तरी.

तुझी कलमं कशी आहेत? मागच्या पावसात गेली त्यांच्या जागी नवी लावलीस का? विद्यापीठाची सबमिशन झाली असतील. ताईच्या लग्नाचं कळलं, तारीख कळव.

आणि एक काम कर. हे पत्र काकांना वाचून दाखव. शाळेच्या पायऱ्यांवरचं ते वाक्य त्यांना तू कधी सांगितलं नसशील, मला खात्री आहे. सांगितलंस तरी चालेल. मग विचार, मी २१ तारखेला स्वारगेटहून दापोलीची एसटी धरली तर चालेल का. मला त्यांच्यासमोर बसायचंय. त्यांची ती लाल वही अजून असेल तर काढून ठेवायला सांग.

तुझा,
निखिल