पेन न घेणाऱ्या ताईला थँक्यू

ताई, तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला आवडणार नाही ते. पण अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी कुठली ताई हे वाचून तुला कळेलच.

अकरावीचं फिजिक्स सुरू झालं आणि गतीच्या गणितांतच माझं गाडं अडलं. क्लासला एवढी फी भरली आणि तिथे काय, तर तीन समीकरणं पाठ करा, किंमती टाका, झालं. कुठलं कधी वापरायचं विचारलं तर "प्रॅक्टिस कर, येईल आपोआप". बाकी ज्याला विचारावं तो माझ्या हातातलं पेन घेऊन दोन मिनिटांत गणित सोडवणार आणि वर "समजलं ना?" त्यावर नाही म्हणायची हिंमत कुठून आणायची?

तू पेन घेतलं नाहीस ताई. प्रिलिम तोंडावर असताना स्वतःचं पुस्तक मिटलंस, म्हणालीस, "सूत्र राहू दे, आधी गाडी काय करतेय ते सांग", आणि गप्प बसून राहिलीस, मोबाईलकडेसुद्धा बघितलं नाहीस. मी अडखळत सांगत गेले, गाडी ताशी ३६ किमीने चाललीय म्हणजे सेकंदाला १० मीटर, ब्रेक लागला, २५ मीटरवर थांबली. "मग काढ तसं." वेग आणि वेळेचा ग्राफ काढला, १० वरून शून्यावर उतरणारी सरळ रेघ, आणि तिच्या खालच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजेच ते २५ मीटर हे मला तिथेच दिसलं. उंची १० म्हणजे पाया ५ सेकंद, त्वरण उणे २, म्हणजे दर सेकंदाला वेग २ ने कमी. सूत्राला हातही न लावता! मग तू म्हणालीस, ब्रेक तोच ठेव, वेग दुप्पट कर. त्रिकोणाचा पाया पण दुप्पट झाला, उंची पण, आणि थांबायला १०० मीटर लागले, चौपट! हायवेवर स्पीड कमी ठेवा का सांगतात ते तेव्हा खरं पोचलं.

स्वतःच्या डोक्यावर एवढं टेन्शन असताना दुसऱ्याला वेळ द्यायचा आणि उपकार केल्याचं तोंडावर दिसूही द्यायचं नाही, अशी माणसं आहेत गं अजून, फक्त त्यांचे बोर्ड चौकात लागत नाहीत.

आता प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, सुरू झालंय, आडवी गती वेगळी, उभी वेगळी, दोन ग्राफ काढते आणि सुटतं. तुझी मेन्स होईपर्यंत सकाळी लवकर येऊन तुझी जागा धरायचं काम माझं, नाही म्हणू नकोस.