अर्जातलं ते एक वाक्य

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल मी चिडले आणि तू फोन ठेवलास. रात्री झोप लागेना म्हणून तुझा मसाजच्या नोकरीचा अर्ज पुन्हा वाचायला घेतला. चांगला लिहिलायस, हे कालच सांगायला हवं होतं. फक्त शेवटचं वाक्य काढ. ‘दिवसाला कितीही तास काम करायची माझी तयारी आहे.’ मला एवढंच म्हणायचं होतं, पण मी भलतंच बोलून बसले.

शिकत असताना तू सुट्टीला आला होतास. माझ्याकडे पाठ करून बाटलीचं झाकण डाव्या हाताने उघडत होतास. मी पाहिलं होतं, विचारलं नाही. उजव्या अंगठ्याचं बूड सुजलं होतं तुझ्या.

आता अर्जाचं बोलते. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असं तर सगळेच लिहितात. तू किती तासांचं प्रशिक्षण घेतलंस, हलक्या हाताचा स्वीडिश मसाज आणि खोल दाबाचा डीप टिश्यू यांपैकी कशावर हात जास्त बसलाय, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे, हे वर घे. मसाजच्या आधी तू माणसाला आजार, औषधं, ऑपरेशनं विचारतोस, दाब किती हवा ते विचारतोस, जेवढ्या भागावर काम चाललंय तेवढीच चादर बाजूला करतोस. हे तुला इतकं अंगवळणी पडलंय की लिहावंसंच वाटलं नाही. पण अनोळखी माणूस तुझ्यापुढे डोळे मिटून पडणार आहे, त्याला नेमकं हेच हवं असतं.

आणि आजीचा पाय. तिने चोळून दे म्हणून किती हट्ट धरला होता! तू पोटरीला नुसता हात लावलास आणि मागे घेतलास. एकच पोटरी सुजलेली आणि गरम. ‘मी चोळणार नाही, आधी डॉक्टर,’ म्हणालास. आजी दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. शिरेत रक्ताची गाठ निघाली. चोळून ती सुटली असती आणि फुफ्फुसात गेली असती तर? त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी तुझ्या हातांकडे बघत होते. हे हात माझ्या पोराचे, असं मनात म्हणत होते. नाव, नातं काही लिहू नकोस, पण मसाज कधी करायचा नाही हे तुला कळतं, एवढं अर्जात आलंच पाहिजे.

जो माणूस आजीला नाही म्हणू शकतो, त्याला स्वतःच्या अंगठ्यासाठी नाही म्हणता येऊ नये? बाबांचं मनगट आठव. त्यांनीही कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

बघ, पुन्हा तिथेच आले. शिकलेला तू आणि शिकवतेय मी. रागावू नकोस. तूच मला एकदा दाखवलं होतंस ना, अंगठा वाचवून कोपराखालच्या हाताने कसं दाबायचं, टेबल किती उंच ठेवलं की खांद्यांऐवजी अंगाचं वजन कामाला येतं ते? मग तेच लिही. जाणत्या माणसाला ‘कितीही तास’पेक्षा हे जास्त पटेल. हे हात बरीच वर्षं टिकतील, असं त्याला वाटेल. मुलाखतीत रोज किती क्लायंट, मध्ये किती वेळ मिळतो, हे तूही विचार. विचारल्याने नोकरी जात नाही. आणि गेलीच तर... जाऊ दे, हे मी बोलायला नको. नोकरीची गरज तुला आहे, मला माहीत आहे.

बहुतेक तुला तिथेच कुणाला तरी मसाज करून दाखवायला सांगतील. त्याची मला काळजी नाही. हात लागला की त्यांना कळेलच.

दुरुस्त केलेला अर्ज पाठव. सोबत दोन्ही हातांचा फोटो पाठव, अंगठे शेजारी शेजारी ठेवून. नीट उजेडात काढ.

तुझी,
आई